पाळतीचे वाचन : 'कीचकवध' आणि वासाहतिक सत्ता

राज्यसंस्थेची पाळत व्यक्तीच्या हालचालींपुरती मर्यादित नसते. अर्थनिर्णयनाची ती एक पद्धतीही असते. १८७६च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने सरकारविषयी अप्रीती निर्माण करू शकणारा प्रयोग रोखण्याचा अधिकार शासनाला दिला. प्रत्यक्ष परिणाम सिद्ध होण्याची अट त्यात नव्हती. संभाव्यता पुरेशी होती.

कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७मध्ये रंगभूमीवर आले. कथावस्तू विराटपर्वातील, परंतु कीचकात लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीत पराधीन देश पाहणारा प्रेक्षक या रूपकाचा सहनिर्माता होता. १९१०मध्ये प्रयोगांवर बंदी आली. ती घालताना शासनाला हाच अन्वयार्थ स्वीकारावा लागला: कीचक म्हणजे आपणच, ही कबुली बंदीत अनुस्यूत होती.

सुरक्षिततेची चिंता सर्वस्वी काल्पनिक होती, असे मात्र म्हणता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची नाट्यगृहातच हत्या झाली होती. पण त्या रात्रीचा प्रयोग होता देवलांच्या 'शारदा'चा, म्हणजे बाला-जरठ विवाहावरील नाटकाचा. हिंसेचा उगम संहितेत शोधणारी दृष्टी येथे निरुत्तर होते.

हा कायदा २०१७च्या निरसन अधिनियमाने रद्द झाला. तथापि संभाव्य अर्थालाच कृत्य मानणारा तर्क एखाद्या कायद्याबरोबर संपत नाही. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांच्या तडजोडीत प्रथम संकोचतो तो वाचकाचा अधिकार, लेखकाचा त्यानंतर.