अ‍ॅम्प्लिफायरचा कोपरा का सुटतो? सरस, गोंद आणि उष्णता

मंडळी, जुना गिटार अ‍ॅम्प्लिफायर मागून उघडला की आपली नजर आधी व्हॉल्व्हवर जाते. आज आपण त्याच्या पेटीवरचं कापड बघू, आणि ते कशानं चिकटलंय तेही.

फेंडर कंपनी १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात पाइनच्या पेट्यांवर ट्वीड हे सुती कापड लावायची. चिकटवायला असायचा सरस. होय, आपल्या सुतारांना माहीत असलेलाच सरस: जनावरांच्या कातड्यापासून केलेला, भिजवून साधारण ६० अंश सेल्सियसला पातळ केलेला. १९६० च्या सुमारास टोलेक्स आलं, म्हणजे कापडी पाठीवर व्हिनाइलचा थर. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडरच्या बेसमनवर बेतलेला जेटीएम ४५ काढला. त्या अ‍ॅम्प्लिफायरांवरही व्हिनाइलच आलं.

आता उष्णता बघा. पॉवर व्हॉल्व्हची काच २०० अंशांच्या आसपास तापू शकते. लाकूड तेवढं तापत नाही. पण व्हॉल्व्हजवळची फळी तासन्‌तास शेकत राहते. तरी सपाट बाजूचं कापड सहसा टिकतं. सुटतो तो कोपरा, कारण तिथे व्हिनाइल ताणून वळवलेलं असतं. ते सतत मागे ओढतं, आणि उबेनं मऊ झालेला गोंद हळूहळू जागा सोडतो.

म्हणून गोंद किती ‘जोरदार’ आहे, यापेक्षा तो कशानं मऊ पडतो हे आपण विचारायला हवं. ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, तो पांढरा गोंद उष्णतेनं मऊ होतो. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँटनं १९३१ मध्ये बाजारात आणलं. पुढे त्यापासून दोन्ही बाजूंना लावून, वाळू देऊन दाबायचा कॉन्टॅक्ट गोंद तयार झाला. तो ऊब बरीच सोसतो, लगेच पकड घेतो. पण व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं झिरपतं आणि काही निओप्रीन गोंदांना मऊ करतं. म्हणजे डबा घेताना दोन गोष्टी वाचायच्या: किती अंशांपर्यंत चालतो, आणि मऊ पीव्हीसीला चालतो का.

मग सरस मागासलेला का? नाही हो! कोरड्या उष्णतेत तो चांगला टिकतो. ऊब आणि ओल एकत्र आली की मात्र सुटतो. दमट हवेत हा दोष. पण दुरुस्तीत हाच गुण! गरम ओलं फडकं ठेवलं की मूळ कापड न फाटता निघतं. कॉन्टॅक्ट गोंद ओढून काढला, तर पाइनचे तंतू सोबत येतात, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हातांच्या खुणाही जातात.

तेव्हा नवी पेटी असेल तर उष्णता आणि पीव्हीसी दोन्ही सोसणारा गोंद घेऊ. जुनी असेल तर पुढच्या कारागिराला सोडवता येईल असा सरसच बरा.