लेहची धावपट्टी : उतरणं आणि उडणं

24 मे 1948 ही तारीख इतिहासात आली ती एका विमानाच्या उतरण्यामुळे. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी त्या दिवशी लेहला डाकोटा उतरवलं. सोबत मेजर जनरल थिमय्या होते. विमानात बर्फ हटवण्याची यंत्रणा नव्हती. धाडस मोठंच होतं. पण आम्ही आज दुसराच प्रश्न विचारणार आहोत. ते विमान तिथून परत उडालं कसं?

लेह साडेदहा हजार फुटांहून उंच. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्के. विरळ हवेचा तोटा तीन ठिकाणी होतो : इंजिनाला जाळण्यासाठी हवा कमी, प्रोपेलरला ढकलण्यासाठी कमी, पंखांना तोलण्यासाठीही कमी. डाकोटाच्या इंजिनात हवा दाबून भरण्याची सोय असल्यामुळे पहिला तोटा काहीसा भरून निघे. पंखांचा मात्र नाही. तेवढंच वजन उचलायला जमिनीवरचा वेग जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त लागतो. तो गाठायला धाव किती लांबत असेल, बघा!

त्यात उंची ही काही दगडावर कोरलेली संख्या नव्हे, बरं का. तापलेली हवा आणखी विरळ होते. लेहला 30 अंश तापमान असेल, तर विमानाच्या दृष्टीने ते ठिकाण सुमारे 15,000 फुटांवर जातं! गाव तेच, सकाळी ठेंगणं, दुपारी उंच. म्हणून अशा ठिकाणी उड्डाण सकाळच्या गारव्यात बरं.

मग हाती काय उरतं? वजन कमी करणं आणि धावपट्टी लांब ठेवणं. माल आणि माणसं उतरवली की पहिलं आपोआप साधतं. दुसऱ्याचं श्रेय लडाखचे अभियंता सोनम नोर्बू यांचं. भर हिवाळ्यात झोजिला ओलांडून ते लेहला पोचले आणि स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूकाठच्या वाळूत त्यांनी पट्टी तयार केली.

पुढे त्याच पट्टीवर डाकोटांतून सैनिक आले आणि लेह वाचलं. एकदा उतरणं हे शौर्य. पण पुन्हापुन्हा येता-जाता आलं, तरच रस्ता झाला म्हणायचं. आपण वैमानिकाचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. त्याच्याशेजारी पट्टी आखणाऱ्याचंही घेऊ या.