रिकाम्या हाताचा प्रवास

भिलाईत आमच्या सेक्टरमध्ये संध्याकाळी कराटेचा वर्ग भरे. शिकवणारे सर पोलाद कारखान्यात पाळी करून येत. आम्ही मुलं मराठी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी घरांतली. आज्ञा जपानीत, ओरडा हिंदीत. सर म्हणत, 'मन, हृदय, शरीर, तीनों एक करो.' सोळाव्या वर्षी गुडघा दुखावला आणि वर्ग सुटला. वाक्य मात्र राहिलं.

पुढे अनुवादक झाल्यावर एका इंग्रजी पुस्तिकेत तेच वाक्य समोर आलं: माइंड, हार्ट, बॉडी. मराठीत आणताना मी अडले. आपण काम मन लावून करतो आणि कुणाचं बोलणंही मनालाच लागतं. मग हृदय वेगळं कुठून काढायचं? जपानी मुळाकडे गेले, तर तिथली त्रयीच निराळी निघाली: शिन, गी, ताई. 'शिन'मध्ये मन आणि हृदय एकाच चिन्हात नांदतात. 'ताई' म्हणजे देह. मधला 'गी' म्हणजे कसब, सरावाने हातात येणारं.

मग 'कराटे' हा शब्दच तपासावासा वाटला. 'ते' म्हणजे हात. 'कारा' पूर्वी तांग या चिनी राजवंशाच्या चिन्हाने लिहीत, कारण ओकिनावाच्या या विद्येवर चीनचं ऋण होतं. त्याच उच्चाराचं दुसरं चिन्ह 'रिकामा, शून्य' या अर्थाचं आहे. हानाशिरो चोमो यांनी ते १९०५ मध्येच वापरलं होतं. १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवणारे शाळामास्तर फुनाकोशी गिचिन यांनी पुढे त्याचा आग्रह धरला, आणि १९३६ मध्ये नाहा इथल्या बैठकीत ज्येष्ठ गुरूंनी ते स्वीकारलं. फुनाकोशींनी आधार घेतला तो प्रज्ञापारमिताहृदयसूत्रातल्या विचाराचा: रूप आणि शून्यता यांत भेद नाही.

पण काळही पाहायला हवा. १९३१ पासून जपानी सैन्य मांचुरियात होतं. १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध पेटलं. त्या दिवसांत नावातून चीन पुसला जाणं ही निव्वळ तत्त्वचिंतनाची गोष्ट मानणं मला जड जातं. सरांनी शिकवलेल्या विद्येवरची माझी माया त्यामुळे कमी झाली नाही, भाबडी मात्र राहिली नाही.

गंमत पुढेच आहे. हृदयसूत्राचा पूर्व आशियात सर्वत्र म्हटला जाणारा चिनी पाठ ह्युएन त्संगच्या नावावर आहे, आणि ह्युएन त्संग तांग काळातलाच. 'शून्य' आणि 'हृदय' या संस्कृत शब्दांसाठी त्यात जी चिन्हं आहेत, तीच कराटेतला 'कारा' आणि 'शिन'. तांग खोडून जे लिहिलं, तेही तांगांच्याच वाटेने आलेलं होतं.

हा प्रवासी दक्षिण कोसलात आला होता. तिथली राजधानी म्हणजे महानदीकाठचं सिरपूर, असं अनेक अभ्यासक मानतात. १९५० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन करून बौद्ध विहार उजेडात आणले. भिलाईहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. लहानपणी आम्ही तिथे सहलीला गेलो होतो. त्या विटांचा आपल्या वर्गाशी काही संबंध असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुस्तिकेत मी शेवटी 'मन, कसब, देह' असं लिहिलं. हृदय कुठे गेलं, असं संपादकांनी विचारलं. मी हा सगळा प्रवास त्यांना कळवला. गुडघा अजून कुरकुरतो, पण सकाळी दहा मिनिटं पहिला काता पुन्हा करू लागले आहे.