गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला

1947 च्या ऑगस्टमध्ये दोन नद्यांनी देश बदलला. 'नर्मदा' आणि 'गोदावरी' या रॉयल इंडियन नेव्हीच्या स्लूप जातीच्या युद्धनौका. नौदलाजवळ अशा सहा स्लूप होत्या. वाटणीत सतलज, जमुना, कृष्णा आणि कावेरी या चार भारताकडे राहिल्या आणि उरलेल्या दोन पाकिस्तानला मिळाल्या. पुढे सिंधूच्या खोऱ्यात जाणारी सतलज भारताच्या ताफ्यात राहिली आणि त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी कराचीच्या ताफ्यात गेली. पाकिस्तानने नर्मदेचे नाव बदलून 'झेलम' केले आणि गोदावरीचे 'सिंध'. 'शमशेर' या फ्रिगेटचे नाव मात्र तिथेही शोभण्यासारखे होते, ते तसेच राहिले.

सीमेवर तणाव वाढला की भारत आणि पाकिस्तान यांच्या लष्करी बळाचे तक्ते वर्तमानपत्रांत झळकतात. रणगाडे इतके, विमाने इतकी, पाणबुड्या इतक्या. या तक्त्याची पहिली ओळ 1947 च्या उन्हाळ्यात दिल्लीत लिहिली गेली. ती लिहिली जात होती तेव्हा दोन्ही रकान्यांतली माणसे अजून एकाच मेसमध्ये जेवत होती.

माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना 3 जूनला जाहीर केली आणि 15 ऑगस्टला दोन देश अस्तित्वात आले. मध्ये जेमतेम दहा आठवडे. सरसेनापती फील्ड मार्शल ऑकिनलेक यांचे सारे आयुष्य हिंदी फौजेत गेलेले, आणि ही फौज फोडण्याला त्यांचा मनापासून विरोध होता. पण स्वतःची फौज हाताशी असल्याशिवाय सत्ता घ्यायला जिना तयार नव्हते. 30 जूनला फाळणी परिषदेने तत्त्व ठरवले. आधी मुसलमान बहुसंख्य असलेल्या तुकड्या पाकिस्तानकडे आणि बाकीच्या भारताकडे अशी ढोबळ विभागणी करायची, मग प्रत्येक माणसाला विचारायचे. या विचारण्यालाही अट होती. पाकिस्तानच्या प्रदेशातल्या मुसलमान सैनिकाला भारत निवडता येणार नव्हता आणि भारताच्या प्रदेशातल्या बिगरमुसलमानाला पाकिस्तान. निवड खुली होती ती फक्त भारतातल्या मुसलमानांना आणि पाकिस्तानातल्या हिंदू-शीखांना.

हिशेबाच्या वहीत आकडे सुबक बसले. पायदळाच्या 15 रेजिमेंट भारताला, 8 पाकिस्तानला. रिसाल्याच्या, म्हणजे तोवर चिलखती झालेल्या, 12 भारताला आणि 6 पाकिस्तानला. नौदलाच्या फ्रिगेट दोन-दोन, मोठ्या सुरुंगशोधक नौका 12 आणि 4. मनुष्यबळाचे प्रमाण साधारण दोनास एक. एकत्र कुटुंबाच्या वाटणीपत्रासारखाच हा कागद होता. घरात कोण काय करत होते आणि कोणाच्या हातात कोणती कला होती, हे त्यात कुठेच नव्हते.

कागदावर पाकिस्तानला मिळालेल्या आठ रेजिमेंट प्रत्यक्षात आठ नव्हत्याच. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी पलटणींची रचना मुद्दाम मिश्र ठेवली होती: एका बटालियनमध्ये एक कंपनी पंजाबी मुसलमानांची, एक शीखांची, एक डोग्रांची, एक पठाणांची. निखळ मुसलमान अशी पायदळाची एकही रेजिमेंट त्यांनी ठेवली नव्हती. गढवाली, डोग्रा, शीख, मराठा या रेजिमेंटींची वीण त्या मानाने घट्ट होती. त्यामुळे पंजाब, बलुच आणि फ्रंटियर फोर्सच्या पलटणी पाकिस्तानला मिळाल्या त्या भगदाडे पडलेल्या. शीख आणि डोग्रा कंपन्या पूर्वेकडे निघाल्या, मुसलमान कंपन्या पश्चिमेकडे, आणि याच रेल्वेमार्गांवर त्या महिन्यांत निर्वासितांच्या गाड्या कापल्या जात होत्या. शतकभर एका तंबूत राहिलेली माणसे एकमेकांना निरोप देऊन चालू लागली. पाकिस्तानी फौजेच्या पहिल्या दिवसांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते: तिला माणसे मिळाली, पण तयार पलटणी फार थोड्या मिळाल्या.

दारूगोळ्याचा प्रश्न याहून अवघड होता. इंग्रजांनी आयुध कारखाने सरहद्दीपासून दूर, देशाच्या पोटात उभारले होते. काशीपूर, ईशापूर, कानपूर, जबलपूर, निलगिरीतले अरुवनकाडू, आणि आपल्या पुण्याजवळची खडकी, जिथे 1869 पासून दारूगोळा तयार होत होता. सीमारेषा आखली गेली तेव्हा एकही आयुध कारखाना पाकिस्तानच्या हद्दीत पडला नाही. यंत्रे उचलून नेण्याची मागणी झाली. भारताने ती मानली नाही आणि त्याबदली पाकिस्तानला सहा कोटी रुपये द्यायचे ठरले. मोठी कोठारेही भारतातच होती, आणि ठरलेला माल हाती पडला नाही ही पाकिस्तानची तक्रार पुढे कायम राहिली. ऑकिनलेक यांनीही सप्टेंबरमध्ये लंडनला कळवले की पाकिस्तानचा वाटा पोचू नये असाच दिल्लीचा प्रयत्न आहे. नोव्हेंबरअखेर त्यांचे वाटणी कार्यालय मुदतीच्या आधीच बंद झाले.

पण सगळी झुकती बाजू भारताचीच होती असे नाही. रावळपिंडीला उत्तर विभागाचे तयार मुख्यालय होते, ते पाकिस्तानी लष्कराचे मुख्यालय झाले. नौदलाच्या प्रशिक्षणाच्या महत्त्वाच्या शाळा कराचीत होत्या, त्याही गेल्या. भारताकडे मुंबईची गोदी उरली आणि लोणावळ्याची 'शिवाजी' ही नौदल अभियंत्यांची संस्था. क्वेट्ट्याचे स्टाफ कॉलेजही गेले. नाशिककरांना हे वाचून नवल वाटेल की ते कॉलेज 1905 मध्ये सुरू झाले होते देवळालीत. दोन वर्षांनी ते क्वेट्ट्याला हलले आणि फाळणीत त्या शहरासोबत पाकिस्तानात राहिले. भारताला निलगिरीत वेलिंग्टनला नवे कॉलेज उभारावे लागले. देवळालीकडे राहिली ती तोफखान्याची शाळा, आणि भारतीय तोफखाना आजही तिथेच घडतो.

माणसांचे गणित तर तक्त्यात बसणारेच नव्हते. डेहराडूनच्या लष्करी अकादमीची पहिली तुकडी 1932 ची. तिच्यात सॅम माणेकशा होते, तिच्यातच मुहम्मद मूसा होते आणि ब्रह्मदेशाचे स्मिथ डनही. तिघेही पुढे आपापल्या देशाचे सेनापती झाले. 1965 च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराचे नेतृत्व मूसांकडे होते. माणेकशांची मूळ पलटण फ्रंटियर फोर्सची, तीच पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि ते गुरखा पलटणीत आले.

बलुच रेजिमेंटचे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान आझमगढकडचे, म्हणजे निवड खुली असलेल्यांपैकी. त्यांची रेजिमेंट पाकिस्तानात गेली, उस्मान गेले नाहीत. काश्मीरवरून दोन्ही देशांत पेटलेल्या युद्धात, 1948 च्या फेब्रुवारीत, त्यांच्या ब्रिगेडने जम्मूतले नौशेरा राखले आणि 3 जुलैला झांगड येथे तोफगोळा लागून ते पडले. नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या फौजेपुढचे सुरुंग आणि अडथळे एप्रिलमध्ये ज्याने जीव धोक्यात घालून दूर केले तो सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचा आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेला तो पहिला वीर.

त्या युद्धाच्या सुरुवातीला दोन्ही फौजांचे सेनापती इंग्रज होते. ऑक्टोबर 1947 मध्ये जिनांनी काश्मीरात फौज धाडायला सांगितली तेव्हा ऑकिनलेक लाहोरला गेले आणि तसे झाल्यास सगळे ब्रिटिश अधिकारी काढून घेतले जातील असे त्यांनी बजावले. हुकूम मागे घेतला गेला. दुबळ्या बाजूला अधिकाऱ्यांसाठी परक्यावर किती अवलंबून राहावे लागत होते ते इथे उघड दिसते.

याच काळात पैशाचा तिढा पडला. एकत्रित शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याचे 75 कोटी ठरले होते. 20 कोटी दिले गेले. उरलेले 55 कोटी काश्मीरचा प्रश्न सुटेपर्यंत रोखून धरायचे दिल्लीने ठरवले, कारण हा पैसा बंदुकांत जाईल अशी भीती होती. भीती निराधार नव्हती. पण तो पैसा वाटणीतला हिस्सा होता, देणगी नव्हती. 13 जानेवारी 1948 ला गांधीजींनी दिल्लीत शांततेसाठी उपोषण सुरू केले आणि 15 तारखेला सरकारने रक्कम मोकळी केली. पंधरा दिवसांनी त्यांचा खून झाला, आणि मारेकरी पुण्याहून आला होता. महाराष्ट्रात या 55 कोटींवर आजही वाद झडतात. मूळ हिशेबाचा कागद मात्र त्या वादात क्वचितच उघडला जातो.

कारखाना नसलेल्या फौजेने पुढे काय केले ते दिसतेच. 1951 मध्ये वाह येथे पाकिस्तानचा आयुध कारखाना उभा राहिला, पण रणगाडे आणि विमाने घडवणे त्याच्या आवाक्यात नव्हते. 1954 मध्ये अमेरिकेशी लष्करी मदतीचा करार झाला, मग सिएटो, मग बगदाद करार. पॅटन रणगाडे आणि सेबर विमाने आली ती या वाटेने. 1965 मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत जे पॅटन अडकून पडले त्यांच्या मागे खडकी आणि जबलपूर सीमेच्या या बाजूला राहिल्याची गोष्ट आहे. उलट भारताला वाटणीत कारखाने मिळाले तरी त्यांतून नवे हत्यार घडवण्याची सवय लागायला फार वर्षे गेली. 1962 मध्ये चीनसमोर भारतीय जवान जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन उभे होते.

नौदलात ती सवय आधी रुजली. माझगाव गोदीत ब्रिटिश आराखड्यावर लिअँडर वर्गाच्या नौका बांधता बांधता भारतीय नौदलाच्या अभिकल्पकांनी स्वतःचा आराखडा काढला, आणि त्यावरून तिथेच एक नवी फ्रिगेट बांधली गेली. डिसेंबर 1983 मध्ये ती ताफ्यात दाखल झाली. तिचे नाव ठेवले होते 'गोदावरी'.