सायकलची सीट : चामडे, बाज आणि बाभळीची साल

लासुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातले गाव. तिथे एका ओळखीच्या घरी आम्ही गेलो असता पडवीत एक जुनी सायकल टांगलेली दिसली. टायर विरलेले, मडगार्ड गंजलेले. सीट मात्र चामड्याची, धड राहिलेली, आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन उथळ खळगे. ते कोणा कारागिराने केलेले नव्हते. वर्षानुवर्षे ती सायकल चालवणाऱ्या माणसाच्या बैठकीचे ते ठसे होते. घरातले म्हणाले, ‘‘पहिले काही महिने ही सीट दगडासारखी टोचायची. मग मात्र दुसऱ्या सायकलवर बसवेना.’’ कडक वस्तू आरामशीर कशी झाली, याचा शोध घेताना आपण बर्मिंगहॅमपासून आपल्याच गावच्या वेशीपर्यंत येऊन पोचतो.

१८६०च्या दशकातल्या पायडलच्या सायकलींना लाकडी, लोखंडी धावांची चाके असत. इंग्रजीत त्यांना ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव पडले होते. जॉन बोल्टबी ब्रूक्स हे बर्मिंगहॅममध्ये १८६६पासून घोड्यांचा चामडी साज बनवत. १८७८मध्ये त्यांचा घोडा मेला, म्हणून त्यांनी सायकल उसनी आणली आणि तिच्या सीटने हैराण होऊन स्वतःच चामड्याची सीट करायला घेतली, अशी हकीकत सांगतात. १८८२मध्ये त्यांनी पेटंट घेतले. पुढे १८८८मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्यांचे बंधू रामूअण्णा तिथे सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. सायकल ही त्या काळी श्रीमंतांचीच चैन होती. ती शिक्षक, पोस्टमन आणि दूधवाल्यापर्यंत पोचायला पुढे कित्येक दशके लागली.

आता कडकपणाच्या कोड्याकडे वळू. सायकलवर आपला बराचसा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. क्षेत्र लहान, म्हणून दाब मोठा. यावर मऊ गादी हा उपाय सुचतो आणि थोड्या अंतराला तो चालतोही. पण जाड, मऊ फोममध्ये हाडे खोल रुततात आणि मधला फोम वर येऊन नाजूक भागावर दाबतो. शिवाय फोमवरच्या रेक्झिनमधून घाम शोषला जात नाही.

चामड्याच्या सीटखाली गादी नसतेच. पुढच्या टोकापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत जाड चामडे ताणून रिव्हेटने बसवलेले असते. म्हणजे ती गादी नसून बाज आहे. सुंभाची बाज आपल्या अंगाप्रमाणे झुकते आणि खालून हवा खेळती ठेवते, तसेच हे. बाज सैल पडली की पायथ्याची दोरी ओढतात. इथे सीटच्या नाकाखालचा नट पिळतात. खड्ड्यांचे धक्के खालच्या स्प्रिंगा सोसतात.

पण बाज काही माणसाचा ठसा धरून ठेवत नाही. चामडे तो का धरते? कातड्यातला मुख्य पदार्थ कोलॅजेन हे प्रथिन. त्याचा रेणू तीन धाग्यांच्या पिळासारखा असतो, हे मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५मध्ये दाखवून दिले. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते, वाळले तर फळीसारखे होते. झाडांच्या सालींतली टॅनिने कोलॅजेनच्या तंतूंमध्ये शिरून हायड्रोजन बंधांनी त्यांना धरून ठेवतात. मग कातडे कुजत नाही, त्याचे चामडे होते. ओलाव्याने आणि उबेने ते किंचित सैलावते, वाळताना नव्या आकारात स्थिर होते. बसणाऱ्याचा घाम, ऊब आणि वजन महिनोन्‌महिने हेच काम करतात. १८८४मध्ये पेटंट झालेल्या क्रोम पद्धतीचे चामडे मऊ आणि लवचीक असते, पण असा आकार ते नीट धरत नाही. म्हणून सीटला सालीने कमावलेलेच चामडे लागते.

ही विद्या दख्खनमध्ये फार जुनी. ढोर समाजातले कारागीर कातड्याची पिशवी शिवत, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरत आणि ती टांगून ठेवत. पाणी झिरपे, ते पुन्हा पुन्हा वरून ओतले जाई. याच चामड्याची मोट झाली, कोल्हापुरी चप्पल झाली. रसायनशास्त्राने ज्याचे कारण विसाव्या शतकात उलगडले, ते हातांना आधीच ठाऊक होते. ब्रूक्स यांच्या हातातले कसब पेटंट होऊन जगभर गेले. आपल्याकडच्या हातांना मात्र गावाने अस्पृश्य ठरवून वेशीबाहेर ठेवले. ज्यांना कातड्याची जाण होती त्यांना शाळा नव्हती, आणि जे शाळेत गेले त्यांना कातड्याचा विटाळ होता. प्रयोग आणि लेखणी यांची अशी फारकत झाली की विज्ञान पुढे कसे जाणार?

चामड्याची सीट सोयीची नाही, हेही खरे. पावसात भिजलेल्या सीटवर तसेच बसले तर ती लोंबते; उन्हात घाईने वाळवली तर तडकते. अधूनमधून तेल लागते, पण जास्त झाले की ती ढिली पडते. फोम-रेक्झिनच्या सीटला यातले काहीच लागत नाही आणि ती स्वस्तही पडते. म्हणून ती घरोघरी आली. फक्त ती फाटली की टाकावी लागते. चामड्याची सीट दुरुस्त होते.

वर्गात दोन प्रयोग करून पाहावेत. बाभळीच्या सालीच्या काढ्यात हिराकशीच्या पाण्याचे थेंब टाका; काढा काळानिळा होईल. तेच टॅनिन. दुसरे, कोल्हापुरी चपलांच्या कारागिराकडून चामड्याचे पातळ कातरण आणा, कोमट पाण्यात भिजवा, पालथ्या वाटीवर ताणून बांधा आणि सावलीत वाळू द्या. सोडल्यावर ते वाटीचा आकार राखील. कातरण आणायला मुलांनाच पाठवावे, आणि ‘‘हे चामडे कसे कमावतात?’’ हा प्रश्न त्या कारागिरालाच विचारायला सांगावे. धडा तिथूनच सुरू होतो.