उशाशी ठेवलेलं दूध

रात्रीचे दोन वाजलेत. डोळे उघडा. १९८४ चा जानेवारी आहे आणि तुम्ही फ्रीमँटलमध्ये आहात, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरात. इथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा; चादर पाठीला चिकटलीय. पण जाग उकाड्यानं आलेली नाही. बरगड्यांखालच्या खळगीत कुणीतरी निखारा ठेवलाय. उशाशी दुधाचा पेला आहे, शेजारी खडूच्या चवीच्या गोळ्या. एक चघळा. वर घोटभर दूध. निवलं? तासाभरानं पुन्हा पेटेल.

तळलेलं सोडून झालं, तिखट सोडून झालं. डॉक्टर म्हणतात, ताण घेऊ नका. घरचे म्हणतात, किती काळजी करता! आपल्याकडे तरी तेव्हा वेगळं काय होतं? पित्त झालंय, थंड दूध घे, डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. दुखणं पोटात आणि ठपका स्वभावावर. मला त्या निखाऱ्यापेक्षा हा ठपका जास्त क्रूर वाटतो.

सकाळी हॉस्पिटलकडे निघा. धक्क्याला मेंढ्या भरलेलं जहाज लागलंय. लोकर, लेंड्या आणि डिझेल यांचा वास अख्ख्या रस्त्यावर साचलाय. इटालियन मच्छीमार मोठमोठ्यानं बोलताहेत. कुठूनतरी कॉफीचा दरवळ येतो आणि तुमचा हात आपसूक पोटावर जातो.

आत गेल्यावर घशात कडू फवारा मारतात. जीभ लाकडासारखी होते. डाव्या कुशीवर वळा, दातांत त्यांनी दिलेलं कडं धरा. आता बोटाएवढी जाड काळी नळी. गिळा. अजून गिळा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय, आणि बत्तीस वर्षांचा डॉक्टर बॅरी मार्शल नळीच्या टोकाला डोळा लावून तुमच्या जठरात बघतोय. चिमट्यानं तो अस्तराचा कण खुडतो. तुम्हाला कळतही नाही.

त्या कणात मळसूत्रासारखे पिळदार जंतू आहेत. त्याचे सहकारी रॉबिन वॉरन यांनी १९७९ मध्ये पर्थला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जठराच्या आम्लात काही जगत नाही, असं बहुतेक डॉक्टर मानतात. हे जंतू मात्र अस्तरावरच्या चिकट थराखाली दडून बसतात. त्यांच्यावर धावून आलेल्या पांढऱ्या पेशींची तिथे दाटी झालीय. तीच तुमच्या जठराची सूज.

या माणसाकडे नीट बघून घ्या. ही सूज जंतूच आणतात हे दाखवायला येत्या हिवाळ्यात तो तुमच्यासारख्याच एका ६६ वर्षांच्या रुग्णाच्या जठरातून वाढवलेले जंतू स्वतः पिणार आहे. काही दिवसांत त्याला पहाटे उलट्या होतील, तोंडाला घाण वास येईल आणि दहाव्या दिवशी त्याच्याच जठरात सूज दिसेल. तुम्ही पुढच्या काळातून आलाय, तुम्हाला हे ठाऊक आहे. बोलू नका.

हातात औषधं पडतात. बिस्मथची बाटली उघडताच अमोनियाचा भपकारा नाकात जातो. सोबत जंतू मारणाऱ्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. त्या चालू असेपर्यंत बिअर पूर्ण बंद. या बंदरात, या उन्हात! दोनच दिवसांत तोंडात गंजलेली चावी चघळल्याची चव येते. जीभ काळी. शौचही काळं. अल्सरच्या, म्हणजे पोटातल्या व्रणाच्या रुग्णाला ही रक्तस्रावाची खूण वाटते, म्हणून नर्सनं आधीच बजावलेलं असतं: घाबरू नका, हे बिस्मथमुळे.

बरं वाटतंय का, म्हणून रोज स्वतःलाच चाचपता. आत काय चाललंय ते दिसत नाही. आधी जंतू मरतात. मग, काही आठवड्यांत, ताज्या सुजेच्या पांढऱ्या पेशी पांगतात. वर्षानुवर्षं मुक्काम ठोकलेल्या दुसऱ्या पेशी महिनोन्‌महिने रेंगाळतात. दंगल शमली तरी पहारा लगेच उठत नाही, तसं.

दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो. इथले लोक त्या वाऱ्यालाच लाडानं ‘डॉक्टर’ म्हणतात. अशाच एका रात्री खिडकी उघडी ठेवून तुम्ही झोपता.

डोळे उघडता तेव्हा खोलीभर ऊन आहे. खाली दुकानांची शटरं वर जाताहेत, कुणीतरी सायकलची घंटी वाजवतंय. दोन वाजले कधी, तीन वाजले कधी? उशाशी दुधाचा पेला काठोकाठ तसाच आहे. उकाड्यानं फाटलंय दूध.