राख, खापरी नळ आणि तुंबलेली मोरी

जुन्या साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या वाड्यात मोरी तुंबल्याची तक्रार क्वचितच उद्भवे. याचे कारण स्वच्छतेचे वेड नव्हे. तुंबायला तिथे बंद नळच नव्हता.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दगडी मोरी, भिंतीला एक भोक, पलीकडे उघडी पन्हळ आणि शेवटी परसातला अळू, कर्दळ किंवा केळीचे आळे. भांडी घासायला चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ही सौम्य अल्कली ओशटपणा सोडवते आणि राखेची भुकटी घासणीचे काम करते. पन्हळीत गाळ साचलाच, तर खराट्याने ओढून काढायचा.

बंद नळ मराठी मुलखाला अपरिचित होता, असे मात्र नाही. यवतेश्वरच्या डोंगरावरून साताऱ्यात पाणी आले ते खापरी नळांतून. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाला जागोजाग उच्छ्वास आणि हौद होते. उच्छ्वासातून कोंडलेली हवा बाहेर पडे, हौदात गाळ तळाशी बसे. बंद मार्ग बांधायचा तर गाळ काढण्याची जागाही सोबत बांधायची, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

आजच्या सिंकखालचे वळण दूरवरून आले. १७७५ साली लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने शौचकूपासाठी एस आकाराच्या नळीचे पेटंट घेतले. वळणात साचून राहणारे पाणी गटारातली दुर्गंधी वर येऊ देत नाही. युक्ती अजोड खरी. पण जे वळण पाणी धरून ठेवते, तेच तूप, तेल आणि भाताची शितेही धरते. गंमत अशी, की वाड्यातली गुणी राख या वळणात आली की खलनायक ठरते. चिकट तुपात कालवली जाऊन ती तळाशी घट्ट बसते.

यावर उतारा म्हणून कॉस्टिक सोडा घरात शिरला. तो तुपाचा साबण करतो, हे खरे. पण त्याच तडाख्यात हात आणि डोळेही भाजतो. वळणातून सुटलेले तूप पुढे चेंबरमध्ये थिजले, तर तो चेंबर उघडण्याचे काम दुसऱ्याच्या वाट्याला येते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम ठराविक जातींवर लादले गेले. गटारात माणसे उतरवण्याच्या धोकादायक सफाईला २०१३च्या कायद्याने बंदी घातली, तरी मृत्यू थांबलेले नाहीत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा हल्ली मोठा बोलबाला आहे. तो फेस निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा. दोघे एकमेकांना मारतात आणि मागे उरते बहुतांशी खारट पाणी. त्यापेक्षा कात्रजची रीत बरी. खाली बादली ठेवून सिंकखालची वाटी हाताने फिरवून काढावी, गाळ कचऱ्यात टाकावा, वाटी धुऊन परत बसवावी. अडथळा पुढे असेल तर रबरी पंप किंवा लवचीक तार चालवावी. गरम पाणी ओशटपणा ढिला करते, मात्र पीव्हीसीच्या नळात उकळते ओतू नये. तेलकट कढई आधी कागदाने पुसली, तर यातले बरेचसे टळते.

घरातून सुटलेले पाणी जाते कुठे, हा प्रश्न साताऱ्याला सांगलीशी जोडतो. माहुलीला वेण्णा आणि कराडला कोयना पोटात घेऊन कृष्णा सांगलीला पोहोचते, आणि तिथे शेरीनाल्याचे सांडपाणी हा वर्षानुवर्षांच्या वादाचा विषय आहे.

सांगली जिल्ह्यातल्या अंजनी गावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबांच्या हातातला खराटा साऱ्या महाराष्ट्राने पाहिलेला. अभियानाने त्याला गावागावांतल्या स्पर्धेचे रूप दिले. गटारे, परसबागा आणि शोषखड्डे यांच्याकडे गावे पुन्हा वळली.

शोषखड्ड्याची रचना वाड्याच्या मोरीची आठवण करून देते. खड्ड्यात दगड-विटांचे थर, वर तळाला भोके पाडलेले मडके, आणि मडक्यात गवत किंवा नारळाच्या शेंड्या. तूप आणि शिते तिथेच अडकतात, पाणी जमिनीत मुरते. त्या शेंड्या अधूनमधून काढून धुवाव्या किंवा बदलाव्या लागतात. तेवढे चुकले, की शोषखड्डाही तुंबतो.